चार वेळा वसलेलं ग्वादालाहारा

२०२६च्या विश्वचषक फुटबॉलमधला स्पेन-उरुग्वे सामना २६ जूनचा, मेक्सिकोतल्या ग्वादालाहारामधला. मूळ ग्वादालाहारा स्पेनमध्येच आहे, माद्रिदच्या ईशान्येला, एनारेस नदीकाठी. नाव मात्र तिथलंही अरबी. अरब अमलात त्या गावाला ‘वादी अल-हिजारा’, म्हणजे दगडगोट्यांचं खोरं, म्हणत. १०८५मध्ये कॅस्टीलच्या सहाव्या अल्फोन्सोच्या राज्यात गाव आलं, धर्म आणि दरबार बदलले, नाव टिकलं. ग्वादालकिवीर, ग्वादियाना या नद्यांच्या नावांतही हीच ‘वादी’ आहे.

ग्वादालाहारा हे नाव अटलांटिकपार नेलं त्या गावच्या नून्यो दे गुस्मान या स्पॅनिश सेनानीनं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या टकिला आणि मारियाची संगीताच्या कौतुकात हा माणूस एका ओळीत आटोपला जातो, ते मला पटत नाही. मेक्सिकोतल्या पानुको प्रांतातली माणसं त्यानं गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकायला पाठवली. १५३०मध्ये मिचोआकानचा राजा तांगाश्वान याचे हाल करून त्याला ठार मारलं. बिशप सुमारागा यांनी त्याची तक्रार थेट स्पेनच्या राजाकडे केली होती.

गुस्मानच्या हुकमावरून क्रिस्तोबाल दे ओन्यातेनं १५३२मध्ये नोचिस्तलानजवळ वसाहत उभारली आणि तिला धन्याच्या गावाचं नाव दिलं. ती जागा सोयीची ठरली नाही. मग तोनाला, मग त्लाकोतान; दर मुक्कामाला नाव बरोबर. १५४१मध्ये काश्कान आणि इतर मूलनिवासी आपल्या जमिनीसाठी उठले. त्लाकोतानला वेढा पडला, गाव कसंबसं वाचलं. पुढे कुठे जायचं यावर पुरुषांचा घोळ संपेना, तेव्हा बिआत्रिस एर्नांदेस या वसाहतकरी बाईनं भर सभेत उठून आतेमाहाकच्या खोऱ्यात जायचं ठरवून टाकलं, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १४ फेब्रुवारी १५४२ रोजी शहर तिथं चौथ्यांदा वसलं आणि स्थिरावलं. बिआत्रिसचा पुतळा आज शहराच्या मध्यभागी आहे.

गुस्मानला १५३७मध्येच अटक झाली होती. पुढे त्याला स्पेनला नेण्यात आलं. स्पेनमधलं मूळ गाव आजही लाखभर वस्तीच्या आत-बाहेर आहे, मेक्सिकोतलं महानगर पन्नास लाखांवर गेलंय. या वाढीचं श्रेय गुस्मानच्या पदरात टाकू नये. त्यानं आपल्या जन्मगावाचं नाव दिलं, आणि तेही दुसऱ्यांच्या भूमीवर.