भिंतीची ओल : तीन क्रियापदांचा विचार

वसई-विरार परिसरात खरे तळघर असलेले घर विरळाच. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा व पश्चिमेस समुद्र अशा सखल भूमीत जुनी घरे उंच जोत्यावर बांधीत. तथापि लगतच्या रस्त्यावर डांबराचे व काँक्रीटचे थर चढत गेले, की जुना तळमजला न खणताच तळघर बनतो. जुलै २०१८ मध्ये या भागात पाणी साचून राहिले, तेव्हा अशाच खोल्यांची सर्वाधिक दैना झाली.

अशा खोलीविषयी आपण सरसकट ‘ओल आली’ असे म्हणतो. परंतु मराठीची क्रियापदे याहून चोखंदळ आहेत. छप्पर पाझरते, भिंतीला ओल चढते आणि पापड सादळतो. या तीन क्रियापदांमागे तीन निरनिराळ्या भौतिक क्रिया आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पाझरण्याची ओळख सोपी आहे. पावसापाठोपाठ किंवा नळ फुटल्यावर डाग दिसतो व तो खाली उतरत जातो. भेग किंवा नळ दुरुस्त करावा, एवढेच.

चढणारी ओल अधिक गुंतागुंतीची. हेमचंद्राच्या व्याकरणात प्राकृत ‘ओल्ल’ हे रूप संस्कृत ‘आर्द्र’शी जोडलेले आहे, मराठी ‘ओल’ त्याच कुळातील. विटेच्या व चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी साधारणतः मीटरभर वर चढते. जोत्यातील जलरोधक थर नसला, किंवा बाहेरची माती त्याच्या वर गेली, की ही वाट मोकळी होते. पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. हाच लोणा. ‘लवण’ शब्दापासून आलेला हा शब्द लोणच्याचा भाऊबंद होय. क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढून गिलाव्याचे पोपडे पाडतात. शिवाय मिठागरांच्या या प्रदेशात एक विशेष अडचण उद्भवते : खाऱ्या पाण्यातील क्षार हवेतील बाष्प शोषून घेतात, त्यामुळे खालून येणारे पाणी थांबल्यावरही लोणा लागलेली भिंत पावसाळ्यात ओलीच दिसते. वरून सिमेंटचा घट्ट गिलावा केल्यास पाण्याची बाहेर पडण्याची वाट बुजते व ओल आणखी वर चढते. बाहेरची माती उतरवून चर काढणे, जोत्यातील थर नव्याने साधणे, क्षारयुक्त गिलावा खरवडून तेथे चुन्याचा गिलावा करणे, हा मार्ग कष्टाचा असला तरी योग्य आहे. बाजारात ‘वॉटरप्रूफिंग’ या एकाच नामाने तिन्ही क्रियापदे गिळली आहेत, आणि चुकीच्या उपायावर पैसा जातो तो प्रायः तेथेच.

सादळण्यात पाणी हवेतून येते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. त्याहून थंड पृष्ठभागावर पाणी जमते. बुरशीला मात्र दव पडण्याचीही गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते. म्हणून ती कपाटामागे प्रथम दिसते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, स्वयंपाकाची वाफ बाहेर काढावी, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत. भर पावसात खिडक्या उघडून थंड खोली ‘सुकवणे’ मात्र बहुधा उलटे ठरते, कारण बाष्पच आत येते.

हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दमट व बुरशीयुक्त घरांचा संबंध दम्याशी व श्वसनाच्या इतर तक्रारींशी असल्याचे नमूद आहे. कोरडी बुरशी झाडूने झाडू नये. बीजाणू खोलीभर पसरतात.

निदानासाठी एक साधी कसोटी आहे. प्लास्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी त्याच्या मागे जमल्यास ते भिंतीतून येते. पुढच्या बाजूस जमल्यास हवेतून.

भिंत वाळण्यास दर इंचामागे महिना असा ढोबळ हिशेब धरतात. त्या मानाने ९ इंची भिंत पावसाळ्यानंतर वाळू लागली तरी उन्हाळ्यापर्यंत पुरती कोरडी होत नाही. दिवाळीपूर्वी घर रंगवण्याची आपली रीत अशा भिंतीच्या सोयीची नाही.