देवीचा त्रिकोण आणि घडीची रेघ

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावी भाविकांची पावले विवराकडे वळू लागतात. उल्कापाताने निर्माण झालेल्या, सुमारे १८०० मीटर व्यासाच्या या विवराच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे आणि त्याच्या काठी, गर्द झाडीत, कमळजादेवीचे पुरातन मंदिर आहे. दर्शन घेऊन घरी परतलेल्या माउलीच्या अंगणात नवरात्राचे नऊ दिवस षट्कोणाची रांगोळी निघते, आणि ज्या घरी परंपरा असेल तेथे देवघरातील श्रीयंत्रावर कुंकुमार्चन होते. अधोमुख त्रिकोण हे शक्तीचे आणि ऊर्ध्वमुख त्रिकोण हे शिवाचे चिन्ह, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हा त्रिकोण कोणत्या जातीचा असावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याजोगा आहे, कारण रांगोळी व यंत्र यांची शुद्धता त्यावरच अवलंबून आहे.

नवव्या शतकातील महावीराचार्यांनी आपल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात त्रिभुजाचे सम, द्विसम आणि विषम असे तीन प्रकार सांगितले आहेत. शाळेत आपण त्यांनाच समभुज, समद्विभुज व विषमभुज म्हणतो. या तिघांतील अंतर पाहावयाचे तर कागदाचे त्रिकोण कापून त्यांची घडी घालावी. ज्या रेषेवर घडी घातली असता एक बाजू दुसरीवर तंतोतंत बसते, ती रेषा म्हणजे सममितीचा अक्ष. समभुज त्रिकोणाची अशी घडी तीन प्रकारे पडते. प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत एक. समद्विभुजाची एकाच प्रकारे पडते. विषमभुजाची कशीही घातली तरी पडत नाही. त्यालाही तीन मध्यगा असतात, म्हणून अनेकांची फसगत होते; पण मध्यगेवर दुमडले की एक टोक बाहेर डोकावतेच. कंपासपेटीतील दोन गुण्यांपैकी ४५ अंशांच्या गुण्याला एक अक्ष आहे, ३० व ६० अंशांच्या गुण्याला एकही नाही. मात्र असे दोन सारखे गुण्ये पाठीला पाठ लावून उभे केले की समभुज त्रिकोण होतो आणि त्यांच्या सांध्याची रेघ हाच त्याचा एक अक्ष ठरतो.

दोनच अक्षांचा त्रिकोण मात्र कधीच सापडावयाचा नाही. एका शिरोबिंदूतून अक्ष गेला म्हणजे त्या बिंदूला मिळणाऱ्या दोन बाजू समान झाल्या. दुसऱ्यातून गेला म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूही समान झाल्या. तीनही बाजू समान झाल्यावर तिसरा अक्ष न मागता येतो.

आता अंगणातल्या रांगोळीकडे वळू. दोन समभुज त्रिकोण एकमेकांवर उलटसुलट ठेवले की षट्कोण सिद्ध होतो आणि त्याला सहा अक्ष लाभतात. आपल्याकडे बहुतेक भगिनी छिद्रे पाडलेल्या कागदाने ठिपके काढतात. ते ठिपके उभ्याआडव्या ओळींत समोरासमोर असतील तर त्यांवर टोके ठेवून खरा समभुज त्रिकोण निघूच शकत नाही. हा हाताचा दोष नव्हे; चौकोनी ठिपक्यांच्या जाळीत समभुज त्रिकोण बसत नाही हे गणिताने सिद्ध झालेले आहे. अशा ठिपक्यांवरचा षट्कोण दिसावयास देखणा दिसतो, पण त्याचे त्रिकोण समद्विभुज असतात आणि सहाऐवजी उभा व आडवा असे दोनच अक्ष उरतात. यावर उपाय सोपा आहे. खालच्या ओळीतील ठिपका वरच्या दोहोंच्या मधोमध यावा, आणि दोन ठिपक्यांत १० सेंटिमीटर अंतर असेल तर दोन ओळींत सुमारे ८.७ सेंटिमीटर ठेवावे. मग सहाही पाकळ्या सारख्या उमलतात.

श्रीयंत्राची गोष्ट याच्या उलट आहे. पुष्कळांची समजूत अशी की जितके अक्ष अधिक तितकी आकृती पवित्र, म्हणून यंत्रातील त्रिकोण समभुजच असले पाहिजेत. वस्तुतः श्रीयंत्रातील नऊ मूळ त्रिकोण, चार ऊर्ध्वमुख व पाच अधोमुख, हे समद्विभुज आहेत, आणि त्या सर्वांचा उभा अक्ष एकच आहे. त्यांच्या छेदातून त्रेचाळीस लहान त्रिकोण उमटतात. बाहेरच्या अष्टदलाला आठ अक्ष, षोडशदलाला सोळा, चार द्वारांच्या भूपुराला चार आणि वर्तुळाला तर अगणित. पण हे सर्व एकत्र येताच मधल्या त्रिकोणांपाशी बाकीचे अक्ष गळून पडतात आणि बिंदूतून जाणारी एक उभी रेषा तेवढी शिल्लक राहते. तिसऱ्या रेषेने दोन रेषांच्या छेदबिंदूतूनच गेले पाहिजे, अशी अनेक मर्मस्थाने यात असल्याने एक रेघ हलली की सारा डोलारा हलतो. मॉस्कोचे अभ्यासक कुलाइचेव यांनी १९८४ साली या रचनेच्या गणितावर प्रबंध प्रसिद्ध केला, तो याच काठिण्यामुळे.

आमच्या घरी एका यात्रेतून आणलेले तांब्याचे यंत्र कित्येक वर्षे पूजेत होते. तांब्याची घडी कशी घालणार? एकदा सहज त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवला आणि तो कागद बिंदूवरून उभा दुमडला. डावीकडची टोके उजवीकडच्या टोकांपासून जवभर खाली उतरलेली! सारेच त्रिकोण विषमभुज झाले होते. आईने यंत्र तसेच ठेवले. भाव खरा आहे, असे तिचे म्हणणे. पुढे तिनेच कागद दुमडून पारखलेले दुसरे यंत्र त्याच्या शेजारी आणून बसविले. मला दोन्ही गोष्टी पटल्या.

लोणार गावातील दैत्यसूदनाचे मंदिर पाहताना या एका अक्षाची पुन्हा आठवण होते. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे हे मंदिर तारकाकृती आहे. सुट्या, नियमित तारकेला अनेक अक्ष असतात. येथील तारका मात्र नियमित नाही. गर्भगृह, अंतराळ आणि मंडप एका ओळीत आले की रचनेला पुढची बाजू व मागची बाजू प्राप्त होते, आणि डाव्याउजव्याची जोडी जुळविणारी एकच रेषा उरते. ती दारातून निघते, मंडपाच्या मध्यातून जाते आणि देवाच्या पायाशी पोहोचते. समद्विभुज त्रिकोणाच्या पायापासून शिरोबिंदूकडे जावे तसे आपण तिच्यावरून चालत जातो. छताकडे मान वर करून शिल्पे पाहणारा यात्रेकरू नकळत बाजूला सरकतो; पुजाऱ्याने तीर्थ देण्यासाठी हाक मारली की पुन्हा मधोमध येतो.