मुखत्यारपत्राची मर्यादा

राजारामपुरींतील एखाद्या वृद्ध गृहस्थाची कल्पना करावी. निवृत्तिवेतन बँकेंत जमा होतें, करवीर तालुक्यांत थोडी शेती आहे, राहतें घर स्वतःच्या नांवावर आहे. हातपाय थकूं लागले तेव्हां त्यांनीं थोरल्या मुलाच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करून दिलें. साक्षीदार झाले, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदही झाली. घरांतील सर्वांस वाटलें, आतां चिंता मिटली. पुढें दोन वर्षांनीं त्यांस स्मृतिभ्रंश जडला. मुलांचीं नांवेंही आठवेनात. ज्या दिवसासाठीं तो कागद केला, तो दिवस उगवला आणि त्याच दिवशीं कागद निरुपयोगी झाला.

कारण असें कीं, मुखत्याराचा अधिकार त्याचा स्वतःचा नसतो. देणाऱ्याच्या इच्छेची ती सावली असते. अधिकार देणारा मृत्यु पावला किंवा भ्रमिष्ट झाला म्हणजे मुखत्यारी संपते, असें 1872 च्या करार कायद्याचें 201 वें कलम सांगतें. शरीर लुळें पडलें तरी चालतें, बुद्धि शाबूत असली म्हणजे झालें. पण बुद्धि गेली कीं नोंदणीचाही उपयोग नाहीं, आणि "हें पत्र पुढेंही चालावें" असें वाक्य त्यांत घातल्यानें कायदा बदलत नाहीं. तरीही कित्येक घरांत मुलगा वडिलांच्या वतीनें सह्या करीतच राहतो. हेतु बहुधा शुद्ध असतो; परंतु उद्यां बहिणीनें हिशेब विचारला तर त्या सह्यांना आधार काय?

इंग्लंडांत ही अडचण 1985 च्या कायद्यानें दूर झाली, आणि 2007 पासून तेथें नवें टिकाऊ मुखत्यारपत्र रूढ आहे. शहाणपणीं निवडलेला माणूस बुद्धि गेल्यावरही कारभार पाहूं शकतो. भारतांत तसा कायदा अद्याप नाहीं. आपला विश्वासू माणूस आपणच निवडलेला नसला म्हणजे ती निवड दुसरे करतात, आणि याची एक कटु आठवण कोल्हापुरास आहे. चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून 1882 सालीं कागलच्या घाटग्यांस रीजंट नेमण्यांत आलें. पुढल्याच वर्षीं महाराजांचा अहमदनगर येथें अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली म्हणून टिळक व आगरकर यांस तुरुंगवास घडला. तें राजकारण होतें हें खरें. साध्या घरांत राज्य नसतें, पण ठेवी आणि सातबारा असतोच.

मग करावें काय? उपचारापुरती सोय 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें केली आहे. शुद्धीवर असतां साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला प्रतिनिधि नेमतां येतो. मात्र पैशास त्याचा हात लागत नाहीं. नामनिर्देशन व मृत्युपत्र हीं तर मृत्यूनंतरचीं साधनें. बँकेचें खातें आधींच संयुक्त केलें असलें तर घरखर्च बराच सुकर होतो. मालमत्तेची गोष्ट अधिक बिकट आहे. भ्रमिष्टाच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्याची तरतूद 1987 च्या कायद्यांत होती. 2017 च्या कायद्यानें तो रद्द केला, आणि त्या जागीं दुसरी तरतूद केली नाहीं! ही चूकच म्हटली पाहिजे. त्यामुळें अशा कुटुंबांस बहुधा राज्यघटनेच्या 226 व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्याची विनंती करावी लागते. न्यायालय वैद्यकीय पुरावा पाहतें, इतर वारसांचें म्हणणें ऐकतें. पूर्वीं यासाठीं कोल्हापुरकरांस मुंबई गांठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांतच, भाऊसिंगजी रस्त्यावर, काम करीत आहे.