मोह वेचताना अस्वलापासून सांभाळा

मार्च-एप्रिलात चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटाकडे मोहफुलांचा सडा पडतो. ही फुले आपल्याला हवीत, तशीच अस्वलालाही. ते रात्री झाडाखाली फुले खाते, आणि आपण भल्या पहाटे टोपली घेऊन तेथेच पोचतो. गाठ पडते ती अशी.

अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. फुले किंवा वाळवी खाण्यात गुंतले की जवळ आलेला माणूस त्याला कळत नाही. एकदम समोर दिसला की ते घाबरून अंगावर येते. पाठीवर पिले घेतलेली मादी असली तर विचारूच नका. म्हणून चांगले उजाडल्यावर, तिघी-चौघी मिळून जा. उशीर झाला तर गुरे खातील, दुसरे वेचून नेतील, हे मलाही कळते. पण मग साऱ्या गावानेच वेळ ठरवावी. वाटेने बोलत, काठी आपटत चला. बाकीचे वाकून वेचत असता एकाने उभे राहून नजर ठेवावी.

अस्वल दिसलेच तर दगड मारू नका, पळू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. झाडावर चढण्यात अर्थ नाही, ते आपल्याहून सराईत चढते. अंगावर आलेच तर पालथे पडा आणि बोटे गुंफून मान झाका, कारण ते डोक्यावर-चेहऱ्यावरच झडप घालते. दूर गेल्याशिवाय उठू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. बाकी जखमा साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटे धुवा. हळद-चुना भरू नका. लगेच दवाखाना गाठा, रेबीजची लस विचारा. वनरक्षकालाही त्याच दिवशी कळवा. भरपाईसाठी पंचनामा लागतो.