घर दाखवणारा एजंट नेमका कोणाचा?

कोथरूड, ठाणे किंवा पनवेलमध्ये घर शोधायला निघालेलं कुटुंब फ्लॅट चारचारदा बघतं. पाणी किती वेळ येतं, पार्किंग कुठे आहे, छताला ओल आहे का, सगळं विचारतं. एजंटला मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘तुमचं किती?’ पुढची वीस वर्षं ज्या व्यवहाराचे हप्ते फेडायचे, त्यातल्या मध्यस्थाची एवढीच चौकशी अपुरी आहे. एजंट निवडताना हमखास नडणारे काही गैरसमज असे.

गैरसमज : आपल्याला घेऊन फिरतो, तो एजंट आपल्या बाजूचा.

वस्तुस्थिती : नव्या प्रकल्पात एजंटला दलाली देतो तो बहुतेक वेळा बिल्डर. ‘चॅनल पार्टनर’ म्हणवणाऱ्या एजंटांचं बिल्डरशी आधीच ठरलेलं असतं. जुन्या म्हणजे रीसेल फ्लॅटमध्ये एकच एजंट घेणारा आणि विकणारा या दोघांकडून दलाली घेतो, हाही सर्रास रिवाज आहे.

यातून हिशेब कसा बदलतो, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. समजा, ८० लाखांचा फ्लॅट घासाघीस करून ७६ लाखांवर आला. खरेदीदाराचे ४ लाख वाचले. दोन टक्के घेणाऱ्या एजंटचे मात्र त्याच्याकडून मिळणारे ८ हजार रुपये कमी झाले, आणि विकणाऱ्याकडूनही तो तेवढंच घेत असेल तर आणखी ८ हजार. म्हणजे भाव उतरवण्यात त्याचा काडीचा फायदा नाही. व्यवहार लवकर पार पडण्यात मात्र आहे. माणूस प्रामाणिक असला तरी हे गणित तसंच राहतं.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं, ‘या व्यवहारात तुम्हाला पैसे कोणाकोणाकडून मिळणार आहेत?’ सरळ उत्तर देणारा एजंट पुढच्या प्रश्नांनाही सरळ उत्तर देण्याची शक्यता जास्त.

गैरसमज : ओळखीतला माणूस आहे, लेखी कशाला?

वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंटच्या कर्तव्यांवर सविस्तर कलमं आहेत. ज्याचं काम घेतलं त्याला न सांगता एजंटने त्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध ठेवला, तर कलम २१५ आणि २१६ त्या व्यक्तीला दाद मागण्याचा हक्क देतात. उदाहरणार्थ, दाखवलेला फ्लॅट एजंटने आडून स्वतःच घेऊन ठेवलेला असेल, तर. पण त्यासाठी तो आपला एजंट होता, हे आधी सिद्ध करावं लागतं. काम कोणतं, दलाली किती, ती कधी द्यायची आणि व्यवहार फिसकटला तर काय, एवढं एका कागदावर आलं तरी पुष्कळ.

अमेरिकेत तर १७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएस या सामायिक यादीवर काम करणाऱ्या एजंटांना घर दाखवायला नेण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या संघटनेविरुद्धच्या दाव्यांमध्ये झालेल्या तडजोडीतून हा नियम आला. न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबापुढेही आता घराआधी हा कागद येतो.

गैरसमज : दोन टक्के दलाली हा सरकारी दर आहे.

वस्तुस्थिती : रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने दलालीचा दर ठरवून दिलेला नाही. एक-दोन टक्के हा बाजारातला प्रघात आहे आणि त्यावर बोलणी होऊ शकतात. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के कर वेगळा. ८० लाखांवर दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार, करासह १ लाख ८८ हजार ८००. सांगितलेल्या आकड्यात कर धरला आहे की नाही, हे आधीच विचारावं. पावती तर मागून घ्यावीच.

गैरसमज : महारेराचा नंबर आहे, म्हणजे काळजी मिटली.

वस्तुस्थिती : रेरा कायदा, २०१६ च्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकण्यात मध्यस्थी करायची तर एजंटची नोंदणी सक्तीची आहे. ती नसेल तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये दंड होतो, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. महाराष्ट्रात एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ए’ने सुरू होतो आणि प्रकल्पाचा ‘पी’ने. हे दोन्ही क्रमांक महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावेत, कारण एजंटच्या नोंदणीची मुदत पाच वर्षांनी संपते. प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणंही आता बंधनकारक आहे. ते सक्षमता प्रमाणपत्र नसलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली.

नोंदणी म्हणजे काम करण्याचा परवाना, कामाच्या दर्जाची हमी नव्हे. शिवाय कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पांपुरतं आहे. तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला फ्लॅट विकून देणाऱ्या दलालाकडे हा क्रमांक नसेलही, आणि तिथे खरेदीदाराला स्वतःच जास्त सावध राहावं लागतं.

गैरसमज : कागदपत्रं एजंट बघतो, कर्ज देताना बँकही बघते. मग वकील कशाला?

वस्तुस्थिती : बँक तपासते ती आपलं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून. रेराच्या कलम १० नुसार बुकिंगच्या वेळी प्रकल्पाची माहिती आणि कागदपत्रं खरेदीदाराला मिळवून देणं हे एजंटचं कर्तव्य आहे, पण त्यांचा कायदेशीर अर्थ लावणं हे वकिलाचंच काम. साधारण ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, रीसेल असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी, हे सगळं स्वतंत्र वकिलाने पाहावं. एजंटने सुचवलेला वकील नाकारण्यात संकोच नको.

गैरसमज : आजच टोकन दिलं नाही, तर घर हातचं जाईल.

वस्तुस्थिती : नव्या प्रकल्पात साठेखताची नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेराचं कलम १३ बिल्डरला मनाई करतं. रीसेलमध्ये अशी मर्यादा नाही, त्यामुळे इसाराची रक्कम थोडी ठेवावी आणि ती विकणाऱ्याच्याच खात्यात जावी, एजंटच्या नव्हे. व्यवहार मोडला तर ती परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्यावं.

नोंदणीकृत प्रकल्पात एजंटने फसवलं, तर रेराच्या कलम ३१ खाली बिल्डरप्रमाणेच त्याच्याविरुद्धही महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. व्हॉट्सअॅपवरचे संदेश, जाहिरातीचं पत्रक, पावत्या आणि तो लेखी करार तेव्हा उपयोगी पडतात. त्यामुळे किल्ली हातात आली तरी ही फाइल टाकून देऊ नये.