दाबाचा हुकूम

गुडघा दुखू लागला की पायऱ्या टाळाव्यात, मांडी घालू नये, आणि जमेल तितके कमी चालावे, असा सल्ला देणाऱ्या आप्तेष्टांची आपल्याकडे वानवा नाही. आणि या सल्ल्याच्या मुळाशी, सांधा म्हणजे बैलगाडीच्या आसासारखी एक निर्जीव वस्तू असून ती जितकी फिरेल तितकी झिजेल, व आतले वंगण एकदा सरले की कारभार आटोपला, ही समजूत ठाण मांडून बसलेली असते. ती सर्वस्वी निराधार आहे असे नव्हे. परंतु गेल्या तीन-चार दशकांतील संशोधन पाहता, सांध्यावर पडणारा भार हा कूर्चेचा केवळ शत्रू नसून तिच्या पेशींना मिळणारा हुकूमही आहे, आणि तो थेट जनुकांच्या दफ्तरापर्यंत पोचतो, हे मान्य करणे भाग पडते.

हाडांच्या टोकांवर पसरलेला कूर्चेचा हा गुळगुळीत थर गुडघ्यात अवघा काही मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. पोषण मिळायचे ते सांध्यातील द्रवातून झिरपून येईल तेवढेच. एकदा नाश पावलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे वैद्यकाचे जुने निरीक्षण विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील आपल्या निबंधात नमूद केले, आणि पावणेतीनशे वर्षांनंतरही ते रद्द करण्याजोगा पुरावा वैद्यांच्या हाती फारसा आलेला नाही. कूर्चेच्या एकूण आकारमानात जिवंत पेशींचा वाटा शेकडा एक ते पाच इतकाच. बाकीचा सारा ऐवज पाण्याचा, कोलॅजेनच्या तंतूंचा आणि अ‍ॅग्रिकन नावाच्या अवाढव्य रेणूंचा. अ‍ॅग्रिकनवरील ऋण विद्युत्भारामुळे क्षारांचे कण व त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते, कोलॅजेनचे जाळे त्या फुगण्याला आवर घालते, आणि या अखंड ओढाताणीतूनच कूर्चेला आपला ताठपणा लाभतो.

तिला सोसावा लागणारा दाब सामान्य नव्हे. दाबमापके बसवलेला कृत्रिम खुबा एका रुग्णाच्या शरीरात रोवून अमेरिकेतील संशोधकांनी १९८६ साली जी मोजदाद प्रसिद्ध केली, तीत नुसते खुर्चीवरून उठताना खुब्यातील दाब १८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पावणेदोनशे पटींपर्यंत, चढल्याचे आढळले. जमिनीवर बसण्या-उठण्यात आयुष्य घालवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या सांध्यांची मोजदाद त्या तक्त्यात नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

आता पेशीला हा दाब कळतो कसा, आणि कळल्यावर ती करते काय? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अ‍ॅलन ग्रोडझिन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी वासरांच्या सांध्यांतील कूर्चेच्या चकत्या काढून, त्या पोषक द्रवात जिवंत ठेवून, दोन तऱ्हांनी दाबून पाहिल्या. एकदा दाबून तशाच दाबलेल्या ठेवल्या, तेव्हा नव्या अ‍ॅग्रिकनची व कोलॅजेनची निर्मिती मंदावली. परंतु सुमारे चालण्याच्या लयीत त्याच चकत्या किंचित दाबल्या व सोडल्या, तेव्हा निर्मिती वाढली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने भाराच्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले, असे माझे मत आहे. कारण तोवर किती भार, एवढेच विचारले जात असे, आणि आता कोणत्या तालात व किती वेळ, हेही विचारणे प्राप्त झाले. पुढे २००४ साली त्याच प्रयोगशाळेने जनुकांच्या हालचालींची तासागणिक नोंद ठेवली, तेव्हा असे दिसले की सततच्या दाबाखाली बांधणीची जनुके आरंभी काही काळ उसळतात आणि मग खाली येतात, तर कूर्चेचा गाभा कुरतडणाऱ्या विकरांची जनुके चढतच राहतात. पेशीतील कॅल्शियमची ये-जा रोखली असता यांतील बराचसा प्रतिसाद नाहीसा झाला.

या कॅल्शियमच्या दरवाजांवर कोण तैनात आहे, याचा उलगडा त्यानंतर झाला. २०१० साली आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने पिएझो-१ व पिएझो-२ ही प्रथिने शोधली. पेशीचे आवरण ताणले की ती उघडतात, आणि या कामाचा समावेश असलेले नोबेल पारितोषिक त्यांना २०२१ साली मिळाले. कूर्चापेशीत या दोघांखेरीज टीआरपीव्ही-४ हे तिसरे द्वारही आहे. ड्यूक विद्यापीठातील फर्शीद गिलाक व वोल्फगांग लीटके यांच्या २०१४ च्या कामातून या तिघांची कामे वेगळी दिसू लागली: रोजच्या चालण्याफिरण्याइतका मध्यम भार टीआरपीव्ही-४ च्या द्वारे कळतो व बांधणीच्या जनुकांना चालना मिळते, पेशीला इजा व्हावी इतका जबर ताण मात्र पिएझो द्वारांमार्फत आत शिरतो, आणि टॅरँट्युला कोळ्याच्या विषातील एका पेप्टाइडने ती द्वारे बंद केली असता पेशींचे मरण कमी होते. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की, टीआरपीव्ही-४ रसायनाने उघडले तर भार मुळीच न टाकताही बांधणी वाढते, आणि ते मिटले तर भार टाकूनही वाढत नाही. म्हणजे पेशीच्या लेखी भार नव्हे, त्याची वार्ता महत्त्वाची.

हे सारे काचपात्रातील झाले. शरीरातील साक्षही त्याच दिशेने जाते: पाठीच्या कण्याला दुखापत होऊन ज्यांचे पाय निश्चल झाले, त्यांच्या गुडघ्यांतील कूर्चा उत्तरोत्तर पातळ होत गेल्याचे आढळले आहे. उलटपक्षी, अनेक अभ्यासांची २०१७ साली एकत्र छाननी केली असता खुबा व गुडघा यांच्या संधिवाताचे प्रमाण हौसेने धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के निघाले. ज्यांचे गुडघे मुळातच सशक्त तेच धावतात, हा आक्षेप येथे घेता येतो व घेतलाच पाहिजे. तथापि मधला भार हितकर आणि दोन्ही टोके अहितकर, हा आकड्यांचा कल प्रयोगशाळेतील निष्कर्षांशी जुळणारा आहे.

पुढे गिलाक सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले असून तेथे त्यांच्या गटाने २०२१ साली टीआरपीव्ही-४ च्या हुकमाचीच एक नवी तजवीज केली: दाब पडला की ज्या जनुकांना जाग येते, त्यांच्या चालक भागाला इंटरल्यूकिन-१ या दाहकारक प्रथिनाला अटकाव करणाऱ्या औषधी प्रथिनाचे जनुक जोडून दिले, आणि अशा पेशींची कूर्चा दाबली तेव्हा ती आपले औषध आपणच पाझरू लागली. त्यांनी दोन निरनिराळे चालक भाग वापरून पाहिले. एकाचा अंमल लवकर चढून लवकर ओसरतो, दुसऱ्याचा सावकाश वाढून अधिक काळ टिकतो. प्रयोग तूर्त काचपात्रातच आहे, आणि दुखऱ्या मानवी गुडघ्यात यांपैकी कोणता अंमल चालवावा, हे ठरायचे राहिले आहे.