टक्कल, किडनी आणि विसरलेला भाजक

जानेवारी २०२५. बाळापूरच्या कोणत्याही कट्ट्यावर एकच विषय. "शेगावकडं लोकायचे केस झडून रायले म्हनते बे!" आपला तालुका ओलांडला की शेगाव. तिथल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून व्हिडिओ येत होते. आधी डोक्याला खाज, मग केस हातात आणि काही दिवसांत टक्कल. त्यात कॉलेजची मुलं होती, मुली होत्या. काहींनी तोंड लपवण्यापेक्षा मुंडण केलेलं बरं म्हणून वस्तरा फिरवला. जुळत आलेली लग्नं अडली.

आकडा रोज वाढत गेला आणि शेवटी १८ गावांत २७९ जण असा छापून आला. पण हा आकडा मोठा की लहान?

खरं सांगायचं तर नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. समजा, एका गावात ५० जणांचे केस गेले, दुसऱ्यात ६०. कुठं परिस्थिती जास्त वाईट? पटकन आपण दुसरं गाव म्हणू. पण पहिल्या गावात ५०० माणसं आणि दुसऱ्यात २०००, तर पहिल्यात शंभरातले १० बाधित, दुसऱ्यात फक्त ३. आकड्याखाली भाजक आला की चित्र उलटतं. साथीत या टक्केवारीला 'अटॅक रेट' म्हणतात.

कारण शोधायलाही हाच दर लागतो. सुरुवातीला बोट पाण्याकडं गेलं. आयसीएमआरची पथकं आली, नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत संशय रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर आला. किलोमागे १.९ मिलिग्रॅम असायला हवं, ते १४.५२ निघालं. आता असा संशय आकड्यांनी कसा तपासायचा? तो गहू खाणाऱ्यांचा अटॅक रेट वेगळा काढायचा, न खाणाऱ्यांचा वेगळा. दोन्हींत मोठा फरक पडला तर संशय पक्का होतो. सगळे सारखेच निघाले तर दुसरीकडं शोधायचं. फक्त टक्कल पडलेल्यांनाच विचारलं, "गहू खाल्ला का?" तर गावातले सगळेच 'हो' म्हणतील. केस शाबूत असलेल्यांनाही विचारावंच लागतं.

आता आपल्या घरचं दुखणं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलाय. बाळापूर तालुक्यातली गावंही त्यात येतात. विहिरीचं पाणी खारं, आणि किडनीचे पेशंट म्हटलं की प्रत्येकाला गावातली दोन-चार नावं आठवतात. टक्कल काही दिवसांत दिसतं. किडनी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप खराब होत जाते. म्हणून इथं दोन वेगळे दर लागतात.

कॉलेजचंच उदाहरण घ्या. यंदा किती नवीन ॲडमिशन झाल्या, हा 'इन्सिडन्स', म्हणजे ठरावीक काळातले नवे रुग्ण. आज हजेरीपटावर एकूण किती पोरं आहेत, हा 'प्रिव्हॅलन्स', म्हणजे नवे-जुने मिळून सगळे. पास होऊन गेलेले आणि कॉलेज सोडलेले पटावरून कमी होतात. एटीकेटीवाले मात्र राहतात, म्हणून ॲडमिशन तेवढ्याच असल्या तरी पट फुगतो.

किडनीचंही तसंच. डायलिसिस मिळालं, माणसं जास्त वर्षं जगली, तर रुग्णांची संख्या वाढते. ही बातमी वाईट नाही! उलट रुग्ण कमी दिसले तर आनंदून जाऊ नका. कदाचित माणसं लवकर जात असतील. डायलिसिसची यंत्रं किती लागतील, हे प्रिव्हॅलन्स सांगतो. गोड पाण्याची योजना आल्यावर आजार आटोक्यात येतोय का, हे मात्र इन्सिडन्सच सांगतो.

म्हणून पुढच्या एनएसएस शिबिरात एखादं गाव निवडा. आजारी किती, हे तर विचाराच. पण आधी घरं मोजा, माणसं मोजा. कोणाला रुग्ण धरायचं हे तपासणीच्या रिपोर्टवरून ठरवा, ऐकीव माहितीवरून नको. मोजणीची तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच घरांत परत जा, नवे किती ते कळेल.

"आमच्या गावात लय पेशंट आहेत" असं साहेबाला सांगितलं तर तो मान हलवतो. "इतक्या माणसांमागे इतके, त्यात यंदाचे नवे इतके" असं कागदावर दिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.